पोटासाठी दिलेली गोळी

माझ्या वहीत बीसीआर-एबीएलचे आकडे तारखांसकट ओळीने लिहिलेले आहेत. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे आकडा दिसला की उतरवून घ्यायचा ही सवयच. ०.०३, ०.०२, ०.०२, ०.०३. मला सीएमएल आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग. बीसीआर-एबीएल हे त्यातलं बिघडलेलं जनुक, आणि ते रक्तात किती टक्के आहे हे हा आकडा सांगतो. हा टक्का ०.१ च्या खाली राहिला की गोळी नीट काम करते आहे असं समजायचं. मागच्या वर्षी त्या ओळीत ०.१९ आला.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "गोळ्या चुकल्या का?" एकही चुकली नव्हती. मग विचारलं, "नवीन काही सुरू केलंत?" मी ठामपणे नाही म्हणाले. घरी आल्यावर लेकीने औषधांचा डबा टेबलावर रिकामा केला आणि एक पट्टी उचलून म्हणाली, "आई, ही कशाची?"

गुडघ्यासाठी मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी वेदनाशामक गोळी दिली आणि ती पोटाला बाधू नये म्हणून सोबत ओमेप्राझोल, पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी. गुडघा आठवड्याभरात दुखायचा थांबला, वेदनाशामक गोळी सुटली. पोटाची मात्र अडीच महिने चालूच राहिली. जळजळ होत नाही, बरं वाटतं, मग कशाला सोडायची? तिला औषध म्हणून मी मोजलंच नव्हतं, म्हणून डॉक्टरांना "नाही" म्हणताना मी खोटंही बोलत नव्हते.

आणखी एक गोष्ट होती. आधीची तीन वर्षं मी इमॅटिनिब या सीएमएलवरच्या गोळीवर होते. तेव्हाही मधूनमधून ओमेप्राझोल घ्यायचे आणि आकडे छान उतरत होते. इमॅटिनिबला पोटातल्या आम्लाचं फारसं देणंघेणं नसतं. नंतर मला त्याऐवजी डॅसाटिनिब सुरू झालं, आणि ते विरघळतं ते आम्लातच. आम्ल कमी झालं की गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरती पोहोचत नाही. ओमेप्राझोलबरोबर रक्तात पोहोचणारं डॅसाटिनिब सुमारे ४३ टक्क्यांनी घटल्याचं मोजलेलं आहे. औषध बदललं तसे त्याचे नियमही बदलले होते, आणि मी जुन्याच नियमांवर चालत राहिले.

मी डॉक्टरांना विचारलं, "मग एक सकाळी आणि एक रात्री घेतली तर?" मला वाटलं, अंतर ठेवलं की प्रश्न सुटला. त्यांनी शांतपणे समजावलं. पोटात आधीच असलेलं आम्ल मारणारं साधं अँटासिड असेल तर डॅसाटिनिबच्या आधी किंवा नंतर दोन तासांचं अंतर पुरतं. ओमेप्राझोल मात्र आम्ल तयार करणारे पंपच बंद करतं, आणि त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. फॅमोटिडीन हीसुद्धा आम्ल कमी करणारी गोळी, तिची वाट वेगळी, पण अंतर तिथेही पुरत नाही. ती गोळी दहा तास आधी घेतली तरी डॅसाटिनिबचं प्रमाण ६१ टक्क्यांनी घसरलं होतं. दहा तास! माझं घड्याळाचं गणित तिथेच कोसळलं.

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीबद्दल एकच विचारते: हे अंतर ठेवून चालतं, की अजिबातच चालत नाही?

ग्रेपफ्रूट अजिबात चालत नाही. त्याची कथा मला फार आवडते. १९८९ च्या सुमारास कॅनडात डेव्हिड बेली नावाचे संशोधक रक्तदाबाचं एक औषध मद्याबरोबर कसं वागतं हे तपासत होते. मद्याची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आतड्याच्या अस्तरात सीवायपी ३ए४ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते बरीचशी औषधं, माझंही, आत शिरतानाच मोडून टाकतं. ग्रेपफ्रूटमधली द्रव्यं हे विकर कायमचं निकामी करतात. शरीराने नवं तयार करेपर्यंत एक ते तीन दिवस जातात. म्हणून रस सकाळी आणि गोळी रात्री, या हिशेबाला अर्थ नाही. पपनस आणि कडू संत्र्याचा मार्मालेडही त्याच यादीत. नेहमीचं गोड संत्रं मी निर्धास्त खाते.

याच्या उलट दिशेने सेंट जॉन्स वॉर्ट ही मन उदास असेल तर घेतली जाणारी वनस्पती. ती हेच विकर वाढवते आणि इमॅटिनिब सुमारे ३० टक्क्यांनी कमी करते. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन तर त्याहून कितीतरी जास्त. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" असं मला कुणी प्रेमाने म्हणालं की मी हा ३० चा आकडा सांगते.

तपासणीच्या रांगेत माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई याच आजारावरच्या निलोटिनिबच्या कॅप्सूल घेतात. त्यांना आधी दोन तास आणि नंतर एक तास काहीही खायचं नाही. तेलकट-तुपकट जेवणानंतर ते औषध रक्तात ८२ टक्क्यांपर्यंत जास्त चढू शकतं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. मला मात्र इमॅटिनिब भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायला सांगत. आजार एकच, रांग एकच, आणि नियम असे उलटे. म्हणून "मी अशी घेते, तूही घे" हे आम्ही एकमेकींना कधीही सांगत नाही.

वेदनाशामक गोळीचा मुद्दा तर मी विसरलेच होते. डॅसाटिनिबमुळे रक्तस्राव होऊ शकतो, त्यात आयबुप्रोफेनसारखी गोळी भर घालते. ती आठवड्यातच सुटली हे माझं नशीब.

ओमेप्राझोल बंद केली, तीही डॉक्टरांना विचारून. तीन महिन्यांनी आकडा ०.०५ आला. ते तीन महिने झोपेचे नव्हते, एवढंच सांगते.

आता पाकिटात एक घडी केलेला कागद असतो. गोळीचं नाव, मात्रा, आणि खाली माझ्या हिमॅटॉलॉजिस्टचा, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांचा फोन. मागच्या आठवड्यात खोकल्यासाठी गेले तेव्हा चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक होतं. ते सीवायपी ३ए४ या विकराला अडवतं, म्हणजे माझं औषध रक्तात वाढवतं. मी कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला, तिथूनच फोन लावला आणि दुसरं अँटिबायोटिक लिहून दिलं. आज चौथा दिवस आहे. खोकला बराच उतरला आहे.