इअरफोन काढा, मग चॅनल तपासा

यूट्यूबवर शिनचॅन गाडी हाकतोय आणि मुलाच्या कानात इअरफोन. जाता-येता नजर टाकणाऱ्या आईला वाटतं, कार्टून तर आहे, बघू दे. ती गाडी मात्र जीटीए फाइव्ह या मारधाडीच्या गेममधली असते. २०१३ साली आलेल्या या गेमला युरोपच्या पेगी या वयोगट ठरवणाऱ्या पद्धतीत १८ वर्षांवरचा शिक्का आहे. शिनचॅन त्यात मुळात नाहीच. कॉम्प्युटरवर 'मॉड', म्हणजे गेममध्ये फेरफार करणारी फाइल, टाकून गेममधल्या माणसाला त्याचं रूप दिलेलं असतं. हिंदी गेमिंग चॅनल्समध्ये हा प्रकार इतका रुळलाय की थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या मुखचित्रावर, शिनचॅनशेजारी फ्रँकलिन दिसला की गेमचं नाव वाचायचीही गरज उरत नाही. फ्रँकलिन हा जीटीए फाइव्हच्या तीन नायकांपैकी एक. यातले पुष्कळ व्हिडिओ गाड्या पळवणं, बंगला मोठा करणं एवढ्यावरच असतात, हे खरं. पण त्यांच्या शेजारी यूट्यूब जे सुचवतं त्यात साधा, मॉडशिवायचा जीटीएही येतो.

म्हणजे थंबनेलवरून काही कळत नाही. गेमच्या नावावरूनही अर्धंच कळतं. ठोकळ्यांनी बांधकाम करायचा माइनक्राफ्ट खेळत तोंडाचा पट्टा सोडणारे आहेत आणि गोळीबाराचा बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) खेळताना एक वावगा शब्द न काढणारेही आहेत. मूल बघतं ते गेमिंग चॅनल चालेल की नाही हे ठरवायला ते स्वतः ऐकावं लागतं.

साधारण चाळीस मिनिटं काढा आणि शक्यतो लॅपटॉपवर बसा. चॅनलचे सगळ्यात लोकप्रिय, गेल्या आठवड्यातला आणि एक लाइव्ह असे तीन व्हिडिओ निवडा. लोकप्रिय व्हिडिओ बहुधा जुना आणि नीट कापून-छाटून केलेला असतो, त्यावरून मत बनवलंत तर फसाल. आजची भाषा ताज्या व्हिडिओत असते आणि खरी भाषा लाइव्हमध्ये, कारण तिथे कात्री नाही. लाइव्ह तीन-तीन तास चालतं, ते सगळं बघायची गरज नाही. व्हिडिओखालच्या रेषेवर माउस नेला की बऱ्याचदा करड्या लाटेसारखा आलेख दिसतो. लोकांनी परत परत पाहिलेल्या जागा तिथे उंच झालेल्या असतात. तीन उंचवटे पकडा आणि प्रत्येकाच्या आधी-नंतरची दोन मिनिटं ऐका. शिवाय एखादी हरलेली मॅच शोधा. जिंकताना सगळेच गोड बोलतात. वेग दीडपटीच्या वर नेऊ नका. दुप्पट वेगात शिव्या निसटतात.

व्हिडिओखालच्या डिस्क्रिप्शनच्या तळाशी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा लेखी मजकूर, दाखवायचं बटण असेल तर ते दाबा, मग कंट्रोल-एफ करून तुम्हाला नको असलेले दोन-चार शब्द शोधा. सापडले तर प्रश्नच मिटला. नाही सापडले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण आपोआप बनणारी सबटायटल्स आरडाओरड्यात काहीबाही ऐकतात.

काय ऐकायचं? 'नूब', 'बॉट' ही चिडवाचिडवी झाली, सोडून द्या. एमसी-बीसी लघुरूपात असो की बीप लावून, ती शिवीच. बीपच्या जागी काय होतं हे तिसरीतल्या पोरालाही कळतं. आपल्याकडे एक गंमत आहे: तीच शिवी मराठीत ऐकली तर पुण्यातली आई ताटावरून उठवेल, हिंदीत असली तर 'त्यांची बोलायची पद्धत' म्हणून सोडून देते. आणि चॅनल मराठी आहे म्हणूनही सूट देऊ नका. स्क्वॉडमध्ये, म्हणजे सोबत खेळणाऱ्या गटात, मुलीचा आवाज आला की बाकीचे कसे बोलायला लागतात, तेही ऐका. माझ्या लेखी ही खूण शिव्यांपेक्षा मोठी.

लहानग्यांसाठी धोका वेगळा. हगी वगी हा निळा, केसाळ, मऊ खेळण्यासारखा दिसणारा प्राणी पॉपी प्लेटाइम या भयपट छापाच्या गेममधला आहे. रंगावर जाऊ नका.

मग पैसा. बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड, रोब्लॉक्समध्ये रोबक्स, ही खऱ्या पैशांनी घ्यायची गेममधली नाणी. क्रेट, म्हणजे आत काय निघेल ते माहीत नसलेली गेममधली पेटी, उघडण्याचे व्हिडिओ म्हणजे सोडतच. हाती काही न लागलेले प्रयत्न कापून टाकता येतात, म्हणून मुलाला वाटतं की प्रत्येक वेळी काहीतरी भारी निघतं. 'फ्री डायमंड', 'अनलिमिटेड यूसी' असं शीर्षक म्हणजे बहुतेक वेळा लॉगिन चोरायचा सापळा. 'मॉड एपीके'ची लिंक म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप. पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५च्या कायद्याने बंदी आली, तरी जुन्या व्हिडिओंत बोलून केलेल्या रमीच्या आणि कलर प्रेडिक्शनच्या (कुठला रंग येईल यावर पैसे लावायच्या खेळाच्या) जाहिराती तशाच राहू शकतात. अशा खेळाची टेलिग्राम लिंक आजही डिस्क्रिप्शनमध्ये दिसली तर पुढे तपासत बसू नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

कमेंट बंद दिसल्या तर व्हिडिओ 'मुलांसाठी बनवलेला' म्हणून नोंदवलेला असू शकतो. जानेवारी २०२० पासून अशा व्हिडिओंवर कमेंट आणि लाइव्ह चॅट चालत नाही. गेमिंगवाले सहसा तशी नोंद करत नाहीत. तेव्हा कमेंट नव्यापासून लावून तीसेक वाचा. फोन नंबर मागणं, 'आयडी भेजो', डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपचं आमंत्रण, हे बघायचं. डिस्कॉर्डला किमान वय १३ लागतं.

एवढं करूनही घोळ होतो तो खात्यात. मूल आईच्या फोनवर बघतं आणि आईचं वय तर अठराच्या पुढे, त्यामुळे यूट्यूबचं वयाचं कुलूप तिथे लागतच नाही. गूगलच्या फॅमिली लिंक अॅपमधून मुलाचं खातं उघडा. त्यात यूट्यूबचा 'एक्सप्लोर' हा टप्पा ९ वर्षांपासून, 'एक्सप्लोर मोअर' १३ पासून. आठ वर्षांपर्यंतच्यांना यूट्यूब किड्स द्या आणि त्यात स्वतः मंजूर करायचा पर्याय निवडा. मग शोधण्याची सोयच बंद होते. इथे एक खोच आहे: अख्खं चॅनल मंजूर केलंत तर त्याचे उद्याचे व्हिडिओही मंजूर झाले. सुरुवातीला सुटे व्हिडिओच मंजूर करा. हॉलमधल्या टीव्हीवर बहुधा बाबांचं खातं चालू असतं, तेही बदला. फोनवर केलेली तजवीज टीव्हीला आपोआप लागू होत नाही.

दुपारी एक ते चार हा पुण्यात पूर्वापार झोपेचा वेळ, आणि आई-बाबा कामावर असलेल्या घरांत हाच यूट्यूबचाही. त्या वेळेसाठी एकच नियम पुरतो: हॉलमध्ये बसायचं, इअरफोन नाही, आवाज बारीक पण स्पीकरवर. आजीला गेम कळत नसला तरी शिवी झोपेतही कळते.

चॅनल नापास झालं तर नुसतं बंद करून भागत नाही, मुलाच्या हातात दुसरं काही ठेवा. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या पोराला माइनक्राफ्टमधलं बांधकाम दाखवणारी चॅनल्स पटकन आवडतात. त्यातलंही असं निवडा, जिथे बुरूज का ढासळला हे दाखवलंय.

पास झालेलं चॅनलही तीन महिन्यांनी परत ऐका. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय स्टोअरमधून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला; मधल्या काळात त्याच्यावर चालणाऱ्या चॅनल्सना दुसरे गेम धरावे लागले. चॅनलचं नाव तेच, लोगो तोच, आणि सबस्क्राइब केलेलं मूलही तेच.