सही कोणाची?

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या आप्पांना पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दाखल केले, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. वाई तालुक्यातील शाळांमध्ये त्यांनी जन्मभर गणित शिकवले, आणि वीजबिलाचा आकडासुद्धा स्वतः पडताळल्याशिवाय ते पैसे भरत नाहीत. दाखल करण्याच्या खिडकीवर मात्र 'नातेवाइकाची सही लागेल' असे सांगून चार कागद माझ्यापुढे ठेवले गेले, फुल्या केलेल्या जागी मी भराभर सह्या केल्या आणि आप्पा मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिले. त्यांतला एक कागद शस्त्रक्रियेचे संमतिपत्र होता. मी तो वाचला नाही, आणि ज्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया व्हायची होती त्यांच्यापुढे तो गेलाच नाही.

वॉर्डात गेल्यावर निवासी डॉक्टर केसपेपर भरण्यासाठी आले. "औषधे कोणती चालू आहेत?" असे त्यांनी विचारले, त्यांची नजर माझ्याकडे होती आणि उत्तरही मीच दिले: रक्तदाबाची गोळी, दुसरे काही नाही. संध्याकाळी भूलतज्ज्ञ आल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मला थांबवून तोच प्रश्न थेट आप्पांना विचारला. तेव्हा कळले की हृदयाच्या तक्रारीनंतर साताऱ्याच्या डॉक्टरांनी सुरू केलेली रक्त पातळ करणारी गोळी ते दोन वर्षांपासून रोज दुपारी जेवणानंतर घेत होते. अशा गोळीचा परिणाम काही दिवस टिकतो. ती चालू असताना शस्त्रक्रिया केली तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि ती परस्पर बंद केली तर हृदयाला धोका पोहोचू शकतो. हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली गेली. सकाळीच का सांगितले नाही, असे मी रागाने विचारल्यावर आप्पा शांतपणे म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही."

त्या आठवड्यात मी रुग्णांच्या हक्कांविषयी वाचायला बसलो. हक्क म्हणजे बिलाच्या वेळी भांडायचे हत्यार, अशी माझी तोपर्यंतची समजूत होती. वाचता वाचता लक्षात आले की या हक्कांचा धनी रुग्ण आहे, आणि आमच्या घरात त्याला बाजूला सारण्याचे काम रुग्णालयाच्या आधी मीच केले होते.

संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिलेला एक निकाल प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे. दिल्लीतील एका ४४ वर्षांच्या स्त्रीला केवळ दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही, आणि रुग्ण सज्ञान व निर्णयक्षम असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईची संमतीही त्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. उपचाराचे स्वरूप व हेतू, त्याला असलेले पर्याय, त्यातील मुख्य धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढे रुग्णाला समजेल अशा रीतीने सांगितल्यानंतरच घेतलेली संमती खरी. आईची संमती जिथे पुरत नाही, तिथे पूर्ण शुद्धीवर असलेल्या आप्पांच्या वतीने मी कोणत्या अधिकाराने सही केली होती?

आपल्याकडे हे प्रेमापोटी घडते, हे मला मान्य आहे. 'त्यांना कशाला सांगायचे, उगाच धास्ती घेतील,' हे वाक्य आमच्या घरात आजीच्या आजारपणातही बोलले गेले होते. परंतु धास्ती माणसाला न सांगताही वाटते. चार माणसे दाराबाहेर कुजबुजत आहेत आणि खाटेजवळ आली की हवापाण्याच्या गप्पा मारत आहेत, याचा अर्थ न कळण्याइतके आजारी फार थोडे असतात. रुग्णाने स्वतःहून 'मला काही सांगू नका, मुलाशी बोला' असे म्हटले तर गोष्ट वेगळी. तो त्याचा निर्णय आहे.

आठवड्यानंतर पुन्हा दाखल होताना मी नवे संमतिपत्र मागितले. थोडी कुरकुर झाली, पण मिळाले; ते इंग्रजीत होते. समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा संमतीचा गाभा असल्यामुळे ते मराठीतून समजावून सांगण्याची विनंती केली, आणि सर्जन स्वतः आले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना चिकटलेल्या भागामुळे अडचण आली तर पोट उघडावे लागू शकते, हे कागदावर पहिल्या दिवशीही लिहिलेले होते. आप्पांना ते त्या दिवशी प्रथम कळले. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेच्या मसुद्यात रुग्णांचे १७ हक्क आहेत: दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा, औषधे आणि चाचण्या आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून घेण्याचा, पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री उपस्थित असण्याचा, असे ते आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले, त्यानुसार खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावले पाहिजे. आम्हाला ती सनद लिफ्टच्या शेजारी, कुंडीमागे अर्धी झाकलेली आढळली. कुंडी हलवण्याची विनंती केली, ती त्याच दिवशी हलवली गेली.

कागदपत्रांविषयीचा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या उपचारांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. डिस्चार्ज कार्ड मिळाले म्हणजे सर्व मिळाले असे समजून आपण घरी येतो. खरी माहिती आतल्या केसपेपरमध्ये, भुलेच्या आणि शस्त्रक्रियेच्या नोंदींमध्ये असते. साताऱ्याच्या डॉक्टरांकडील जुने कागद आमच्याजवळ असते, तर आप्पांचा तो आठवडा वाचला असता.

आता जबाबदारीविषयी. तिचा विषय निघाला की 'भेटीच्या वेळा पाळाव्यात, स्वच्छता राखावी' एवढ्यावर भागवले जाते. माझ्या मते पहिली जबाबदारी खरे आणि पुरते सांगण्याची आहे. चालू गोळ्या, वैद्यांचा काढा, तंबाखू, दारू, पूर्वी एखाद्या औषधाने उठलेली पुरळ, यांतले काहीही लाजेपोटी किंवा क्षुल्लक समजून गाळू नये, आणि हे सांगण्याची संधी रुग्णालाच द्यावी. शेजारच्या खाटेवरील एका तरुणाला शस्त्रक्रियेच्या सकाळी मावशीने प्रेमाने चहा-बिस्किटे दिली आणि डॉक्टरांना मात्र 'काही खाल्ले नाही' असे सांगितले. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. सिस्टरांच्या नजरेला उशीखालचा बिस्किटाचा पुडा पडला, म्हणून तो तरुण बचावला. मावशींना हे कारण कोणी आधी समजावले होते का, हाही प्रश्न मला पडला. नुसती पाटी लावून असे धोके टळत नाहीत.

दुसरी जबाबदारी राग आवरण्याची. आमच्या मुक्कामात एकदा अतिदक्षता विभागाच्या दाराशी वीस-पंचवीस माणसे जमली आणि एका नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टर मुलीच्या अंगावर धावून गेली. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची त्यात तरतूद आहे. त्या मुलीच्या हातातील फाइल थरथरत होती, आणि त्याच फाइलमधील इंजेक्शन आत कोणाला तरी वेळेवर द्यायचे होते. उपचारांविषयी शंका असेल तर नोंदी मागता येतात, वैद्यक परिषदेकडे जाता येते, आणि १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून शुल्क घेऊन दिलेल्या उपचारांविरुद्ध ग्राहक मंचाचे (आताच्या ग्राहक आयोगाचे) दारही उघडे आहे. ही वाट लांबची आणि दमवणारी आहे, तरी तिच्यावरून चालताना आत झोपलेल्या इतर रुग्णांच्या जिवाला घोर लागत नाही.

या जानेवारीत आप्पांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. तिथेही सिस्टरांनी सवयीने कागद माझ्याकडे धरला. मी तो आप्पांना दिला. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पाने वाचली, पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढून टेबलावर ओळीने मांडली, आणि डॉक्टर आल्याबरोबर म्हणाले, "ही गोळी रक्त पातळ करणारी आहे. चालू ठेवायची की थांबवायची, ते आधी सांगा. मग सही करतो."