तिथं तीन वर्षं नेमकं काय शिकवतात?

"मुलगी बारावीला आहे. इंग्लंडात जाऊन क्रिएटिव्ह रायटिंगची डिग्री करायची म्हणतेय. लिहायला कॉलेजात शिकवता येतं का हो? आणि तीन वर्षं तिथं करतात तरी काय?" आईवडिलांकडून हा प्रश्न वारंवार येतो आणि फोनवर दोन मिनिटांत त्याचं धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून, या वेळी सविस्तर लिहितोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं: लिहिलेलं पुन्हा लिहायला शिकवता येतं आणि अर्धकच्चं लेखन वाचायला शिकवता येतं. तिथला बाकीचा सगळा खटाटोप या दोन गोष्टींसाठी असतो.

आधी पदवीचं नाव नीट वाचा. 'इंग्लिश लिटरेचर अँड क्रिएटिव्ह रायटिंग' आणि 'इंग्लिश लिटरेचर विथ क्रिएटिव्ह रायटिंग' हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. 'अँड' असेल तर दोन्ही विषय साधारण निम्मेनिम्मे. 'विथ' असेल तर लेखनाचा वाटा पाव ते एक तृतीयांश आणि बाकी सगळं साहित्य. वॉरिक विद्यापीठाचा अभ्यासक्रम 'अँड'चा आहे, नॉरिचच्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियाचा 'विथ'चा. दुसरी सावधगिरी नावलौकिकाबद्दल. ईस्ट अँग्लियात कादंबरीकार माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० साली सुरू केला तो एमएचा अभ्यासक्रम. २०१७ चं नोबेल मिळालेले काझुओ इशिगुरो त्याच एमएचे विद्यार्थी. अमेरिकेतलं १९३६ पासूनचं आयोवाचं प्रसिद्ध रायटर्स वर्कशॉपही पदव्युत्तरच. तेव्हा विद्यापीठाशी जोडलेली मोठी नावं पाहून भुलू नका. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं आणि एका वर्गात किती मुलं बसतात, हे ईमेल करून विचारा. वर्गात १५ पेक्षा जास्त मुलं असतील तर मी दोनदा विचार करीन.

आता तासांचा हिशेब. इंग्लंडात वर्षाला १२० क्रेडिट, तीन वर्षांची मिळून ३६०. एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचं काम. २० क्रेडिटच्या एका विषयाला २०० तास धरलेले असतात, पण त्यातले वर्गातले जेमतेम २० ते ३०. आठवड्याचं वेळापत्रक आठ-दहा तासांचं दिसतं आणि इथले पालक हादरतात: एवढी फी आणि एवढेच तास? उरलेले तास वाचनाचे आणि लिहिण्याचे असतात आणि ते कोणी हजेरी घेऊन करून घेत नाही. ज्या मुलांना बारावीपर्यंत क्लासच्या वेळापत्रकानं चालायची सवय आहे, त्यांचं पहिलं सत्र इथंच वाया जातं.

वर्गात जे होतं त्याला वर्कशॉप म्हणतात. मी मुद्दाम 'कार्यशाळा' म्हणत नाही, कारण कार्यशाळा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एका दिवसाचं शिबिर, पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी प्रमाणपत्र येतं. हे वर्कशॉप दर आठवड्याला दोन-तीन तास, सत्रभर चालतं. दहा-बारा मुलं, एक शिक्षक. दोघातिघांनी आपला मजकूर चार-पाच दिवस आधी सगळ्यांना पाठवायचा: गद्य असेल तर १५०० ते २५०० शब्द, कविता असतील तर दोन-तीन. १२ पॉइंटचा टाइप, दोन ओळींत मोकळी जागा, प्रत्येक पानाला क्रमांक. पानक्रमांक विसरला की चर्चेतली पाच मिनिटं "ते खिडकीचं वाक्य कुठलं?" यात जातात. बाकीच्यांनी घरी दोनदा वाचायचं. पहिल्यांदा नुसतं, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा समासात खुणा करत, आणि शेवटी अर्धं पान लेखकाला उद्देशून लिहायचं. वर्गात एका मजकुराला साधारण अर्धा तास. लेखक एखादा परिच्छेद वाचून दाखवतो आणि मग गप्प बसतो. इतरांनी आधी काय वाचलं ते सांगायचं: ही गोष्ट कोणाची वाटली, कुठं घडते, कुठं पकड आली, कुठं सुटली. चांगलं-वाईट त्यानंतर. लेखक बोलतो सगळ्यात शेवटी.

लेखकाला गप्प बसवण्याची ही पद्धत सगळ्यांना मान्य नाही, आणि ते बरंच आहे. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी आखलेली चार पायऱ्यांची रीत काही शिक्षक वापरतात. आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं. मग कलावंतानं प्रश्न विचारायचे. मग इतरांनी ज्यांत स्वतःचं मत दडलेलं नाही असे साधे प्रश्न विचारायचे. आणि मत द्यायचं ते कलावंताची परवानगी घेऊनच. बुजऱ्या मुलांना ही रीत फार मानवते. तरी पहिल्या वर्षी थोडं गप्प बसणं उपयोगाचं, असं माझं मत आहे. लेखकाला बोलू दिलं की तो कागदावर नसलेलं सगळं तोंडानं भरून देतो, आणि कागदावर ते नाही हे त्याला कळतच नाही.

आता एक साधं गणित. सत्र दहा-अकरा आठवड्यांचं, आठवड्याला दोन-तीन मजकूर, वर्गात बारा जण. म्हणजे तुमच्या मुलीचं लेखन सत्रात फार तर दोनदा चर्चेला येणार, आणि दुसऱ्यांचे वीसेक खर्डे ती वाचणार. मुलांना हे अन्यायाचं वाटतं. माझ्या मते पदवीची खरी कमाई त्या वीस खर्ड्यांत आहे. छापील पुस्तकात चुका झाकून टाकलेल्या असतात. ती कथा दुसरीकडे कुठं वळू शकली असती ते दिसत नाही. खर्ड्यात सगळे सांधे उघडे. चौथ्या पानावर आपलं लक्ष का उडालं याचं कारण दुसऱ्या पानावर सापडतं, हे दुसऱ्याच्या कथेत दहादा दिसलं की अकराव्यांदा स्वतःच्या कथेत दिसायला लागतं. आपल्याकडे हे काम पूर्वी संपादक पत्रांतून करत. 'सत्यकथा'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना ज्या बारकाईनं सूचना करत, तिची आठवण जुने लेखक अजून काढतात. तिथं एक जाणता वाचक होता. इथं अकरा शिकाऊ आहेत आणि त्यांना वाचायला शिकवणारा एक शिक्षक.

वर्कशॉप बिघडतंही, आणि ठरावीक ठिकाणी बिघडतं. "मला आवडलं" एवढंच बोलणारे. स्वल्पविराम दुरुस्त करत बसणारे. "मी असतो तर हिला खुनी केलं असतं" म्हणत दुसऱ्याची कथा आपली करून टाकणारे. सगळ्यात मोठं नुकसान मात्र लेखक स्वतः करून घेतो: अकरा जणांच्या अकरा सूचना एकाच रात्री घालून. मग कथेला कोणाची हरकत उरत नाही आणि कथेत काही उरतही नाही. उपाय असा: सूचना शब्दशः टिपून घ्यायच्या आणि दोन दिवस वहीला हात लावायचा नाही. मग पाहायचं की एकाच जागी तीन-चार जण अडखळलेत का. तसं असेल तर तिथं गडबड आहे हे नक्की. त्यांनी सुचवलेला इलाज मात्र बहुधा चुकीचा असतो, आणि गडबडीचं मूळ बहुधा एक-दोन पानं मागं असतं. एकट्यादुकट्याची सूचना आवडीनिवडीची असू शकते; ती पटली तरच घ्यायची.

पहिल्या वर्षीच्या कथांतले दोषही बरेचसे ठरलेले. गजर वाजून पात्र जागं होतं. २००० शब्दांत वीस वर्षं उरकलेली असतात. शेवटी सगळं स्वप्न निघतं. किंवा पाचशे पानी कल्पनारम्य कादंबरीचं पहिलं प्रकरण येतं, ज्यात नकाशा आणि राजघराण्याचा इतिहास असतो आणि माणसं असतातच असं नाही. २००० शब्दांत एक किंवा दोन प्रसंग मावतात, हे हाताला कळायला वर्ष जातं.

मराठी घरातून जाणाऱ्या मुलांचा एक वेगळा पेच आहे आणि त्याबद्दल त्यांना आधी कोणी सांगत नाही. ती इंग्रजीत लिहितात, पण पात्रं मराठीत बोलत असतात. 'मामा' असं रोमन लिपीत लिहिलं की अर्धा वर्ग त्याला पात्राची आई समजतो. मुलं घाबरून कंसात अर्थ देतात किंवा शेवटी शब्दार्थांची यादी जोडतात. दोन्ही नको. मामा पहिल्यांदा दारात येतो तेव्हा आई "माझा भाऊ आला" म्हणाली, की काम झालं. पुढं तो मामाच राहू दे. याहून अवघड 'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. 'अहो'चं 'तू' होणं ही आपल्याकडे अख्खी कथा असू शकते, आणि इंग्रजी संवादात ती दिसतच नाही. अशा वेळी शब्दाचं काम रचनेवर टाकावं लागतं. कथाभर सासू, दीर, शेजारी नवऱ्याला नावानं हाक मारतात, बायको कधीच मारत नाही. ती भांडं आपटते, मुलाला मध्ये घालून निरोप देते. शेवटच्या पानावर ती एकदाच नाव घेते. नॉर्वेजियन वाचकालाही तिथं थबकायला होतं, फक्त आधीच्या पानांवर लेखिकेनं एकदाही चुकायचं नाही. भाषांतराचा विषय निवडता येत असेल तर मराठी मुलांनी तो जरूर घ्यावा. ईस्ट अँग्लियात १९८९ पासून साहित्यिक भाषांतराचं स्वतंत्र केंद्र आहे.

गुण कसे देतात, हाही हमखास प्रश्न. एका विषयाला साधारण २५०० ते ३००० शब्दांचं गद्य किंवा सहा-आठ कविता, आणि सोबत ७५० ते १००० शब्दांचं टिपण. नेमके आकडे विद्यापीठागणिक बदलतात. टिपणात बहुतेक जण "लहानपणी आजीनं गोष्टी सांगितल्या" असं लिहितात आणि गुण घालवतात. परीक्षकाला निर्णय हवे असतात: निवेदन प्रथमपुरुषी होतं ते तृतीयपुरुषी का केलं, पहिली दोन पानं का कापली, कोणाचं काय वाचून काळ बदलला. म्हणून प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा जतन करा. लेखन एआयकडून करून घेतल्याची शंका कोणी घेतली, तरी हेच खर्डे कामाला येतात. ७० आणि त्याच्या वर पहिला वर्ग, ६० ते ६९ वरचा दुसरा वर्ग. ८० क्वचित कोणाला मिळतात. बारावीला ९२ टक्के मिळवलेली मुलगी ६२ गुण पाहून रडते. ६२ चांगले आहेत हे तिला निघण्याआधीच सांगून ठेवा. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे गुण अंतिम वर्गात धरत नाहीत, फक्त उत्तीर्ण व्हावं लागतं. तेव्हा कविता, नाटक, पटकथा, जे जमत नाही असं वाटतं ते सगळं त्याच वर्षात करून पाहावं.

पैशाबद्दल आडपडदा नको. परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला साधारण १६ ते २८ हजार पौंड. राहणं-खाणं सोडून तीन वर्षांचे ५० लाखांच्या पुढे जातात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, पण स्वयंरोजगाराला मनाई आहे. म्हणजे मानधनावर फ्रीलान्स लेख लिहून खर्च काढू, हा बेत तिथं नियमाबाहेर आहे. घर गहाण टाकून या पदवीसाठी कर्ज काढू नका, असं मी स्पष्ट सांगतो. या पदवीनंतर संपादन, जाहिरात, प्रकाशन, शिक्षण अशी कामं मिळतात, पण सुरुवातीच्या पगारात त्या कर्जाचा हप्ता निघणं कठीण. देशातच पाहायचं तर सोनिपतच्या अशोका विद्यापीठात इंग्रजी आणि क्रिएटिव्ह रायटिंग असा जोडविषय घेता येतो. तीही फी कमी नाही, पण पौंडात नाही.

जायचंच असेल तर यूकासवर, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश अर्जात, पाच अभ्यासक्रम निवडता येतात आणि मुख्य मुदत जानेवारीत संपते. वैयक्तिक निवेदनाला आता तीन ठरलेले प्रश्न आहेत, तिन्हीची उत्तरं मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. 'लेखन माझा श्वास आहे' यात अक्षरं घालवू नका. कोणतं पुस्तक वाचलं, त्यातली कोणती युक्ती उचलून पाहिली आणि ती का फसली, हे लिहा. काही विद्यापीठं लेखनाचा नमुनाही मागतात.

त्या नमुन्यासाठी आत्ताच एक करा. मुलीला १५०० शब्दांची एक कथा लिहू द्या. तीन प्रती काढून तिघांना द्या. त्यातला एक तरी घरचा नको. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल आणि सूचना एकच: जिथं लक्ष उडालं तिथं समासात रेघ मारा, बाकी काही बोलू नका. तिन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवा. जिथं तिन्हींवर रेघ आहे, तिथून एक पान मागं जाऊन तिला पुन्हा लिहायला बसवा, आणि तीन आठवड्यांनी नव्या तिघांना द्या. विद्यापीठाला पाठवायचा तो तिसरा खर्डा. पहिले दोन तारखा घालून कपाटात ठेवा.