कशाकशाची भजी होतात?

नाशिकला मी गेली २२ वर्षे फराळाच्या पदार्थांच्या घरगुती ऑर्डरी घेते आणि आषाढ लागला की तळणीचा एक छोटा वर्गही चालवते. त्या वर्गात, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांसमोर मी तोंड उघडून बसलेले असताना, मला एकच प्रश्न विचारला गेला आहे: ‘ताई, तुम्ही म्हणे कशाचीही भजी करता. खरेच कशाचीही होतात का? आणि असले भलते प्रकार तुम्हाला सुचतात तरी कसे?’ एरवी मी ‘होतात की’ म्हणून वेळ मारून नेते. आता तुम्ही विचारलेतच, म्हणून एकदाचे सविस्तर लिहून टाकते.

कशाचीही भजी होत नाहीत. ज्या वस्तूतल्या पाण्याची तुम्ही आधी सोय लावू शकता, तिची होतात. भजे तेलात तळले जाते असे आपण म्हणतो, पण तेलात तळले जाते ते फक्त पीठ. आतली वस्तू त्या पिठाच्या पाकिटात स्वतःच्याच पाण्यावर वाफवली जाते. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसवर असते आणि पाणी १०० अंशांनाच उकळते, त्यामुळे भजे सोडताक्षणी जो फेस उसळतो तो तेलाचा नसून बाहेर पडू पाहणाऱ्या वाफेचा असतो. ही वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत फारसा शिरकाव मिळत नाही. बुडबुडे मंदावले की समजावे, पिठातले पाणी सरले, आता झारा घाला. माझी आई घड्याळ न पाहता केवळ आवाजावरून भजी काढत असे, कारण तो आवाजही पाण्याचाच असतो आणि पाणी संपत आले की तो बारीक होत जातो.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. तिथे परसात जे उगवेल ते कधी ना कधी पिठात बुडायचे. मायाळूची पाने, भोपळ्याची फुले, केळफूल, नीरफणसाच्या फोडी, आणि हादग्याची पांढरीशुभ्र फुले, ज्यांच्यातला मधला कडू दांडा आधी खुडून टाकावा लागतो. माझे सर्वांत आवडते ते ओव्याचे पान. हे झाड खऱ्या ओव्याचे नव्हे, पण पान चुरगळले की वास थेट ओव्याचाच येतो, म्हणून नाव तसे पडले. पान जाडजूड आणि लवदार असते, रसाने इतके भरलेले की नखाने दाबले तर पाणी सुटते. हे पाणीच त्याची अडचण. पीठ सैल झाले तर पानाच्या लवेवरून घसरून जाते आणि पान तेलात उघडे पडून तडतडते. पीठ घट्ट झाले तर बाहेर बेसनाची ढाल तयार होते आणि आतले पान नुसतेच उकडते. पान देठाला धरून पिठात बुडवावे, वाडग्याच्या काठावर एका बाजूने निपटावे, आणि तेलात सोडताना उभे न टाकता पाण्यावर होडी सोडावी तसे आडवे सोडावे. बरोबर जमले तर चावताना आधी कुरकुर ऐकू येते आणि मग एकदम ओव्याची गरम वाफ नाकात जाते.

अळूचे उदाहरण याच्या उलट. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, म्हणून घसा खवखवतो. त्यावर आपल्याकडे चिंचेचा कोळ लावण्याची रीत आहे. पण वडीची खरी युक्ती अशी की तिच्यातली वाफ आधीच देऊन टाकलेली असते. उंडे उकडून, गार करून, कापून मग तळायचे, म्हणजे तेलात फक्त कडा खमंग करण्याचे काम उरते. जी वस्तू एका दमात तळता येत नाही ती दोन दमांत तळावी, हे मी अळूवडीपासून शिकले. ते आधीच आठवले असते तर पुढचा प्रसंग टळला असता.

नाशिकला राहायला आल्यावर इथल्या द्राक्षांची भजी करण्याची मला हौस आली. टपोरी, पातळ सालीची द्राक्षे मी अख्खी पिठात घोळवून तेलात सोडली. द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि सालीला कुठेही वाट नसते, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. अर्ध्या मिनिटात पहिले द्राक्ष फुटले, त्याच्या धक्क्याने दुसरे, आणि मग कढईत दिवाळी सुरू झाली. मी गॅस बंद करून ताट आडवे धरले, तरी उजव्या मनगटावर तीन डाग उठले; त्यांतला एक अजून दिसतो. मिरचीच्या भज्यांना आपण चीर देतो ती नुसती मसाला भरण्यासाठी नसते, वाफेला दार ठेवण्यासाठीही असते, हे मला इतकी वर्षे मिरच्या तळूनही लक्षात आले नव्हते. पुढच्या खेपेला मी द्राक्षे अर्धी कापली. ती फुटली नाहीत, पण आंबट रसाने पीठ भिजून सगळ्याचा लगदा झाला. शेवटी बेदाणे घेतले. बेदाणा म्हणजे तेच द्राक्ष, पाणी १५ टक्क्यांच्या आसपास राहिलेले. बेदाणे बारीक चिरून खवा आणि वेलदोड्यात मळले, त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या मैदा आणि तांदळाच्या पिठीच्या सैलसर पिठात बुडवून तळल्या, आणि आता दरवर्षी त्यांच्या ऑर्डरी येतात. मला सुचते कसे, याचे प्रामाणिक उत्तर हे आहे: आधी कढई पेटते आणि मग सुचते.

या विषयात मीच धाडसी आहे असा माझा समज होता. तो उतरला अमेरिकेत. मुलगा डॅलसला असतो; एका ऑक्टोबरात मी त्याच्याकडे होते, तेव्हा तो मला टेक्सासच्या राज्य जत्रेला घेऊन गेला. ही जत्रा १८८६ पासून भरते. मी गेले तेव्हा खाण्यासाठी रोख पैसे चालत नव्हते, कुपने घ्यावी लागत, आणि ५५ फूट उंचीचा एक टोपीवाला पुतळा तुमचे स्वागत करतो. तिथे २००५ पासून तळलेल्या नव्या पदार्थांची स्पर्धा होते. एबल गोन्झालेस या विक्रेत्याने २००६ साली तळलेला कोक आणि २००९ साली तळलेले लोणी करून कल्पकतेची बक्षिसे नेली. मुलाने हे सांगितले तेव्हा मी हसले. मग तळलेले लोणी हातात आले आणि मी गप्प झाले. फेटलेले लोणी गोठवून, त्याला पिठाचे आवरण देऊन, तेलातून काढलेला तो लिंबाएवढा गोळा होता. चावल्यावर लोणी पातळ होऊन हनुवटीवर ओघळले आणि चव लागली ती तुपात बुडवलेल्या गरम पुरीची. वाईट मुळीच नव्हती. दुसरा गोळा मात्र खाववला नाही, आणि मुलानेही आग्रह केला नाही.

त्या जत्रेतले सगळे चमत्कार पाण्याच्या हिशेबाने पाहिले की उलगडतात. कोक तळता येत नाही, म्हणून पीठच कोकमध्ये भिजवायचे, त्याचे गोळे तळायचे आणि वर कोकचा पाक ओतायचा. २०१० साली तिथे तळलेली बीअर गाजली. ती पिठाच्या घट्ट बंद केलेल्या पाकिटात भरून जेमतेम २० सेकंद तेलात ठेवत, कारण अधिक वेळ ठेवली तर माझ्या द्राक्षांचीच गत व्हायची. लोणी गोठवलेले असते, म्हणजे आतली थंडी वितळेपर्यंत बाहेरच्या पिठाला रंग चढायला सवड मिळते. स्कॉटलंडमधले तळलेले मार्स चॉकलेटही तसेच. स्टोनहेवन नावाच्या किनारी गावातल्या मासे आणि बटाट्याच्या दुकानात १९९२ च्या सुमारास ते प्रथम तळले गेले असे सांगतात. चॉकलेट आधी गार करून मग माशांच्याच पिठात बुडवतात. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली त्याची दखल घेतली आणि पाहणीला उत्तर देणाऱ्या स्कॉटिश दुकानांपैकी २२ टक्के दुकाने ते विकतात असे छापले. आपल्याकडच्या लोकांनी त्या बातमीवर नाके मुरडली. मला मात्र सुकरुंडे आठवले. गोव्यात आणि कारवारकडे पुरणाच्या गोळ्या फिक्या पिठात बुडवून तळतात, आंध्रात त्याच घाटाचे बूरेलु करतात. गोड, मऊ, तेलात सोडताच विरघळून जाईल अशी वस्तू बिनगोडीच्या आवरणात कोंडून तळायची ही कल्पना आपल्या सणांच्या ताटात फार आधीपासून आहे. मार्स तळणाऱ्यांनी पुरणाऐवजी चॉकलेट घातले, एवढेच.

जपानमधल्या ओसाकाजवळच्या मिनो गावी मेपलची पाने तळतात, हे मला अधिक लोभस वाटते. ती झाडावरून काढून लगेच तळत नाहीत. वर्षभर मिठात मुरवतात, मग धुऊन तीळ घातलेल्या गोडसर पिठात बुडवून सावकाश कडक करतात. पानाला स्वतःची चव अशी जवळजवळ काही नसते, लोक घेतात ते त्याच्या आकारासाठी. आपले ओव्याचे पान तळल्यावर पिठाआड दडते पण चवीने ओरडून स्वतःची ओळख सांगते. मेपलचे बरोबर उलटे.

प्रश्नाचा दुसरा भाग असतो तो विचित्र जोड्यांचा. रसात कुरडई कशी घालता, कढीत भजी मऊ का करता, जिलबी मठ्ठ्यासोबत का, असे मला बाहेरून आलेली माणसे विचारतात. यांतली कुरडई घ्या. गव्हाच्या चिकाची ती जाळी उन्हात खडखडीत वाळते, तरी तिच्यात थोडे पाणी राहतेच, आणि तेलात पडताच तेवढेच पाणी वाफ होऊन तिला चौपट फुलवते. अशी फुललेली, पोकळ झालेली कुरडई आमरसात पडली की रस शोषून घेते, पण पहिले तीन-चार घास तिचा कुरकुरीतपणा टिकतो. खानदेशात आणि विदर्भात जावयाच्या पानात ती आधी वाढून ठेवत नाहीत, रस वाढल्यावर वरून मोडून घालतात. जिलबी आणि मठ्ठ्याचे गणित त्याहून सोपे आहे: तूप आणि पाक जिभेवर चढतात, आंबट ताक ते उतरवते, म्हणून पुढची जिलबी पहिल्याइतकीच गोड लागते. वाढप्यांच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार आहे. गोव्यातले रस-ऑम्लेट मी पहिल्यांदा मडगावच्या एका गाड्यावर खाल्ले. हिरवी मिरची घातलेल्या गरम ऑम्लेटवर शागुतीचा रस ओततात, वर कांदा आणि लिंबू, सोबत पाव. अंडे बुडते आहे हे पाहून आधी मला वाईट वाटले, मग दुसरा पाव मागितला.

सगळ्याच जोड्या जमतात असे नाही. गोठवलेल्या श्रीखंडाची भजी मी तीनदा केली आणि तीनदा बेसनाच्या वासाने श्रीखंडाची माती झाली. शेवयांच्या चुऱ्यात घोळवून पाहिली, तेव्हा ती बरी लागली, पण केशराचा पत्ता नव्हता. ज्या वस्तूची चव गारव्यात आहे तिला तेलापाशी नेऊ नये, असे माझे आता मत झाले आहे. तळलेले आइस्क्रीम आवडणारी माणसे मला भेटली आहेत; त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एक गोष्ट मात्र वर्गात कोणी विचारत नाही आणि मी न विचारता सांगते. भजी तेलकट होतात ती बहुतांशी कढईत नव्हे, कढईबाहेर. भजे तेलातून उचलले की आतली वाफ निवू लागते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झारा कढईच्या काठावर दोनदा आपटून, भजी गरम असतानाच चाळणीत मोकळी पसरावीत. ताटात एकावर एक रचली तर खालची तेल पितात. हा आपटण्याचा आवाज आमच्या शेजारणीला आवडत नाही, पण तिला भजी आवडतात, त्यामुळे आमचे जमते.

आणि दर घाण्यानंतर तेलात तरंगणारे पिठाचे कण काढायला विसरू नका. ते राहिले तर जळतात, तेल काळे पडते आणि पुढच्या घाण्याला कडवटपणा येतो. वडापावच्या गाड्यांवर या चुऱ्याला स्वतंत्र मान आहे, काही ठिकाणी तर नुसता चुरापाव मिळतो. आई तो लसूण आणि लाल तिखटासोबत कुटून दहीभातावर घालत असे. मीही प्रत्येक वर्गानंतर तो एका बरणीत भरते, झाकणावर तारीख लिहिते आणि फडताळात वरच्या खणात ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत फक्त तारीख उरलेली असते.