उजनी किती झालं?

पुण्यात येऊन चौदा वर्षं झाली तरी सोसायटीच्या ग्रुपवर 'गुरुवारी पाणी बंद' असा मेसेज पडला की मला हसूच येतं. एक दिवस बंद, शुक्रवारी सकाळी कमी दाबाने का होईना येणारच, पण ग्रुपवर लगेच टँकर सांगायचा का, टाकी कधी भरणार, वरच्या मजल्याला पुरेल का. मी सोलापूरचा. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि पुढचं कधी येणार ते वारावर नाही, मागच्या खेपेला कधी आलं त्यावरून मोजतात.

पाण्याचा दिवस म्हणजे घरात सणच, फक्त गोड काही नसायचं. नळ रात्री दोनला येवो नाहीतर पहाटे पाचला, कुणीतरी जागं असणारच. आधी नळातून नुसती हवा, फुस्स, मग दोन-तीनदा खोकल्यासारखं, मग गढूळ धार, ती संडासच्या बादलीत, आणि धार जरा निवळली की आई तांब्याभर पाणी ट्यूबच्या उजेडात धरून बघायची, तिला पसंत पडलं की मगच पिण्याची घागर लागायची. हा क्रम चुकवला की शिव्या. शेजारच्यांनी मोटर लावली की आमची धार बारीक व्हायची, मग त्यांनाही शिव्या, पण त्या मनातल्या मनात, कारण पुढच्या खेपेला आमचीही मोटर असायचीच.

पुण्यात आल्यावर तोटी सोडली की पाणी, हे पचायलाच वेळ लागला. मी आपला रात्री दोन बादल्या भरून ठेवायचो. रूममेटने विचारलं काय करतोयस, तर मी म्हणालो 'पाणी भरलालो की', त्यावर तो पाण्यापेक्षा 'भरलालो'वर जास्त हसला. पुढे वर्षभर सगळी खोली 'जेवलालो', 'झोपलालो' करत होती.

तर लोक विचारतात, सोलापूर बरं की पुणं? उन्हाचं विचाराल तर बोलायलाच नको, मे महिन्यात तिकडे ४३-४४ सहज असतं आणि इकडे ३९ झालं की पुणेकर हाय खातात. पण मला खरं म्हणजे ही दोन वेगळी गावं वाटतच नाहीत, एकाच नदीचं वरचं टोक आणि खालचं टोक वाटतात. जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं की इकडे भिडे पूल पाण्याखाली, ट्रॅफिक जाम, नदीकाठच्या गाड्या हलवा अशी पळापळ, आणि त्याच संध्याकाळी आईचा फोन, 'दौंडला किती चाललंय रे?' म्हणजे दौंडला नदीतून किती क्युसेकने, सेकंदाला किती घनफूट, पाणी चाललंय. सोलापूरकराला क्युसेक शाळेत शिकवावा लागत नाही. मुठेचं पाणी संगमावर मुळेला मिळतं, तिथून पुढे भीमेत, आणि दौंडवरून उजनीत, आमच्या पिण्याचं पाणी येतं त्या धरणात. उजनी धरण ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातले ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, हिशेबात न धरलेलं पाणी, म्हणून उन्हाळ्यात ते मायनसमध्ये जातं, आणि पावसाळ्यात आधी ते मायनस फिटल्याशिवाय प्लसची भाषाच नाही. धरण प्लसमध्ये आलं की आमच्याकडे लोक एकमेकांना फोन करून सांगतात, पोराची नोकरी लागल्यासारखं. आणि गंमत म्हणजे सोलापुरात तेव्हा टिपूस नसतो. पाऊस इकडे घाटावर, आनंद तिकडे.

इथपर्यंत बरं वाटतं. पण नदीतून फक्त पूर जात नाही. मी पुण्यात बेसिनमध्ये जे ओततो, भांडी, कपडे, फरशी पुसलेली बादली, त्यातलं बरंचसं त्याच वाटेने निघतं, आणि वाटेत सगळंच शुद्ध होतं असं मुळा-मुठेच्या पुलावर नाक दाबून उभं राहिलेला कुणी म्हणणार नाही. म्हणजे मी इथे वॉशिंग मशीनमध्ये जरा जास्तीची पावडर टाकली की कधीतरी ती आईच्या तांब्याकडे निघालेली असते. हे एकदा डोक्यात बसलं ते जातच नाही. एसटीने जाताना भीमानगरच्या पुलावर खिडकीतून धरण दिसतं, आधी मी कौतुकाने बघायचो, आता जरा ओशाळून बघतो.

मागच्या महिन्यात आई आली होती. सकाळी उठून बघतो तर किचनमध्ये नळ सोडून उभी, थोडं पाणी वाहू दिलं, तांब्या भरला आणि खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघत होती.

'निर्मळ आहे की रे,' म्हणाली. 'मग आमच्याकडं येईस्तोवर काय करताय तुम्ही त्याचं?'

'तुम्ही' म्हणाली. मी काही बोललो नाही, तेवढा नळ बंद केला.