तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिककराला समुद्राची काळजी कशाला?

मी नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकवते. "आपल्याकडे समुद्र नाही, मग तुम्ही समुद्रातल्या जीवांसाठी एवढ्या का तळमळता?" हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, तसेच शेजारीही विचारतात.

गेल्या हिवाळ्यात मी घरच्या वॉशिंग मशीनचे पाणी बादलीत धरले, गाळणकागदातून गाळले आणि तो कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्या धुण्यात माझी गुलाबी सिंथेटिक शाल आणि मुलाचा निळा स्वेटर होता. कागदावर केसाहून बारीक असे गुलाबी-निळे तंतू एकमेकांत गुंतून पडले होते. सिंथेटिक धागा म्हणजे प्लास्टिकच, आणि प्लास्टिकच्या पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा तुकड्यांना आणि तंतूंना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. सांडपाणी शुद्ध करताना त्यातले बरेचसे गाळात बसतात, परंतु सगळे नाही. उरलेले गोदावरीत येतात. काही नांदूरमध्यमेश्वर आणि जायकवाडी या धरणांच्या गाळात अडकतात, तर काही पुराच्या लोंढ्याबरोबर पुढे जातात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागले की आपण घाटावर पूर पाहायला जमतो, ते पाणी अरबी समुद्र जवळ असूनही पूर्वेकडे वाहते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करणारी ही नदी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते.

कासवाच्या नाकात अडकलेल्या प्लास्टिकच्या नळीचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते, पण मला अधिक धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या हानीची. कोपेपॉड हे तांदळाच्या कणीएवढे जीव समुद्रातल्या असंख्य माशांचे अन्न आहेत. प्रयोगशाळेत त्यांच्या खाण्यातल्या शेवाळात प्लास्टिकचे कण मिसळले, तेव्हा त्यांच्या पोटात अन्न कमी गेले, त्यांची अंडी लहान झाली आणि त्यातून पिल्लेही कमी निघाली. शिंपल्यांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे कण आतड्यातून शरीरद्रवात उतरले आणि ४८ दिवसांनंतरही तिथेच आढळले. मेलेला एकही जीव दाखवता येत नसला, तरी कोपेपॉडांची ही उपासमारच आहे.

त्यात रसायनांची भर पडते. पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरली गेलेली विषारी रसायने) आणि डीडीटी हे कीटकनाशक पाण्यात फारसे विरघळत नाहीत, मात्र प्लास्टिकला आणि चरबीला चिकटतात. प्राण्यांच्या शरीरात त्यांचा बहुतेक भाग अन्नातूनच येतो, त्यामुळे सगळा दोष प्लास्टिकवर ढकलणे मला पटत नाही. ओर्का (किलर व्हेल) मादीच्या चरबीत वर्षानुवर्षे साठलेले पीसीबी दुधावाटे पिल्लाला मिळते, आणि त्यातही पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

गोदावरीच्या मुखाजवळच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. आपली नदी जिथे संपते, तिथे त्यांचे आयुष्य सुरू होते, म्हणून मला समुद्र दूरचा वाटत नाही. मशीनच्या नळीला आता मी जुन्या धोतराची दुपदरी पिशवी बांधते. सगळे तंतू तिच्यात अडकत नाहीत, परंतु आठवड्याला चिमूटभर करडा लगदा निघतो, तो मी वाळवून सुक्या कचऱ्यात टाकते.