मेगापिक्सेलचं खूळ

परवा मावसभाऊ विचारत होता, दादा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा घेऊ का ४५ चा (एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके, म्हणजेच पिक्सेल), म्हटलं अरे तू फोटो बघतोस कुठे, मोबाईलवरच ना? फुल एचडी स्क्रीनवर मावतात जेमतेम २ मेगापिक्सेल, ४के टीव्हीवर सव्वाआठच्या आसपास, बाकीचे नुसते पडून. प्रिंटचं गणितही सोपंय, इंचाला ३०० ठिपके धरले तर ४ बाय ६ च्या फोटोला १२०० गुणिले १८०० म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल, झालं! माझा जुना निकॉन डी४० फक्त ६ मेगापिक्सेलचा, त्याच्यावर काढलेला आईबाबांचा ८ बाय १२ चा फोटो अजून हॉलमध्ये लावलेलाय, आणि आजवर कुणी जवळ जाऊन पिक्सेल मोजले नाहीत (आत्याला फ्रेमवरची धूळ मात्र लगेच दिसली). आणि १२ मेगापिक्सेलचे ४८ केले तरी फोटोची लांबी-रुंदी दुप्पटच होते बरं का, चौपट नाही. पक्षीबिक्षी काढून भरपूर क्रॉप करणार (कडा कापून मधलाच भाग ठेवणार) असाल तर जास्त हवेत, मान्य. पण कमी उजेडात कामाला येतो तो मोठा सेन्सर (उजेड टिपणारी आतली चिप) आणि चांगली लेन्स, सोनीने २०१४ मध्ये खास अंधारासाठी ए७एस कॅमेरा काढला तो १२ चाच होता. भावाने शेवटी २४ वालाच घेतला, वाचलेल्या पैशात ५० एमएमची लेन्स.